गाणं गळ्यात आहे तोवर
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दिलेला विषय असा आहे : घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करायला न अडकणारं, मध्येच बंद न पडणारं सॉफ्टवेअर कोणतं? आपल्या ग्रुपवर हा प्रश्न दहा जणांनी दहा प्रकारे विचारला आहे. कोणी भजनी मंडळात पेटी वाजवतो, कोणाची मुलगी अहिराणी गाणी म्हणते, कोणाला आईकडून कानबाईची गाणी भरून ठेवायची आहेत. मी काही संगीतातली नाही. गायनाच्या तासाला बाईंनी मला कायम मागच्या रांगेत ठेवलं आणि ते अगदी योग्यच होतं. पण चालतं सॉफ्टवेअर का बंद पडतं हे शोधणं हा माझा वीस वर्षांचा धंदा आहे. तेवढ्याच अधिकारावर बोलते.

आधी हा प्रश्न आपल्यासाठी महत्त्वाचा का, ते सांगते. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, चुलीपाशी त्या रचत गेल्या आणि घरातल्यांनी, मुलगा सोपानदेवांनी ते उतरवून घेतलं. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. ती वही सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. त्या घरात वही-पेन्सिल घेऊन बसणारं कोणी नसतं, तर काय राहिलं असतं? आणि वहीतही शब्दच राहतात. सूर कुठे लांबवला, कुठे श्वास घेतला, हे कागदावर उतरत नाही. गी पॉतवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या, तेव्हा त्यांतल्या कितीतरी आवाजासकट टेपवर घेतल्या, त्या यासाठीच. आपल्याकडे कानबाईची गाणी आहेत, आखाजीला झोक्यावर म्हणायची गौराईची गाणी आहेत, वहीगायन आहे. ती ज्यांच्या गळ्यात आहेत, त्या बायामाणसांची वयं आता पंच्याहत्तरच्या पुढे आहेत. त्यामुळे सॉफ्टवेअर मध्येच बंद पडलं तर 'पुन्हा म्हणा' असं सांगून भागत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. चार वर्षांपूर्वी धुळ्याला मावशीकडे गेले होते. तिला लग्नातली आणि जात्यावरची गाणी पुष्कळ येत. चांगला माइक होता, लॅपटॉप नवा होता, सॉफ्टवेअर नावाजलेलं आणि विकत घेतलेलं होतं. चाळीस मिनिटं ती अखंड म्हणत होती. मग पडदा गोठला आणि प्रोग्रॅम बंद झाला. डिस्कवर काहीच नव्हतं. ते सॉफ्टवेअर आवाज मेमरीत धरून ठेवत होतं आणि थांबवल्यावरच फाइल लिहीत होतं. दुसऱ्या दिवशी मावशी पुन्हा बसली, पण ओवीला ओवी सुचत जाते. त्या दिवशी वेगळ्याच आल्या. आदल्या दिवशीच्या पाच-सहा काही केल्या आठवेनात. ती म्हणाली, "काल उनं ते काल गयं, पोरी." पुढच्या श्रावणात मावशी नव्हती. दुसऱ्या दिवसाचं रेकॉर्डिंग आहे, पहिल्या दिवसाचं नाही.

तेव्हापासून मी ऑफिसात जे करते तेच घरी सुरू केलं. जुन्या लॅपटॉपवर एकेक सॉफ्टवेअर घालून बघितलं. त्यातून निघालेलं सार सांगते.

पहिली गोष्ट, ही सॉफ्टवेअर अडकतात का? आवाजाचं काम वाट पाहत नाही. पत्र टाइप करताना संगणक अर्धा सेकंद थांबला तर कोणाला कळतही नाही. पण आवाज दर सेकंदाला ४८,००० आकड्यांच्या रूपात आत येत असतो. हे आकडे आधी एका छोट्या साठ्यात जमतात, त्याला बफर म्हणतात. आपल्याला नळाचं उदाहरण लगेच पटेल. नळाखाली हंडा लावलाय आणि भरला की तुम्ही तो उचलून रांजणात ओतताय. हंडा लहान असेल तर सारखं धावावं लागतं आणि तेवढ्यात कोणी दारावरची बेल वाजवली तर पाणी सांडतं. आवाजात सांडलेलं पाणी म्हणजे ते 'टक् टक्' आणि तुटलेले सूर. हंडा मोठा घेतला तर सांडत नाही, पण भरायला वेळ लागतो. १२८ आकड्यांचा बफर सुमारे पावणेतीन मिलिसेकंदांत भरतो, १,०२४ चा एकवीस मिलिसेकंदांत. एवढ्या उशिराने स्वतःचाच आवाज हेडफोनमध्ये ऐकू आला की गाणारा गोंधळतो.

यावर उपाय सोपा आहे. माइक आणि संगणक यांच्यामध्ये जो ऑडिओ इंटरफेस लावतो, त्यातल्या बहुतेकांवर 'डायरेक्ट मॉनिटर' असं बटण असतं. ते दाबलं की गाणाऱ्याला आपला आवाज संगणकात न जाता थेट ऐकू येतो. मग बफर खुशाल १,०२४ ठेवा. आपल्या आयांना, मावश्यांना तर हेडफोन लावूच नका. बिचाऱ्या संकोचून जातात.

दुसरं कारण प्लगइन. घुमारा देणं, आवाज गोड करणं यासाठी बाहेरून घेतलेले छोटे प्रोग्रॅम मुख्य सॉफ्टवेअरच्या पोटात बसून चालतात. एका खोलीत दहा भाडेकरू ठेवले आणि एकाने गॅस उघडा ठेवला तर सगळ्या घरालाच धोका. माझ्या पाहणीत सॉफ्टवेअर पडण्याच्या निम्म्याहून अधिक वेळा दोष अशा भाडेकरूचा निघाला. रीपर, बिटविग यांसारख्या काही सॉफ्टवेअरमध्ये प्लगइनला वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवायची सोय आहे, म्हणजे त्याला वेगळी खोली देता येते. तो पडला तर तो एकटाच पडतो. पण रेकॉर्ड करताना प्लगइन लावूच नये हे सगळ्यात बरं. आधी आवाज घ्या, सजवणं नंतर.

तिसरं कारण आपल्या खानदेशचं. मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ वर जातो. लॅपटॉपचा प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करतो आणि मग हंडा वेळेवर उचलला जात नाही. त्यात रेकॉर्डिंगसाठी आपण पंखा बंद केलेला! म्हणून पहाटे चार ते सहा ही वेळ धरा. गारवा असतो, रिक्षा नसतात आणि म्हाताऱ्या माणसांना तेव्हा जाग असतेच. लाइटचं म्हणाल, तर डेस्कटॉपपेक्षा लॅपटॉप बरा, कारण त्याची बॅटरी हाच यूपीएस. शिवाय चार्जर काढून ठेवला की अर्थिंग नीट नसलेल्या घरात येणारी ५० हर्ट्झची घुंईही बहुतेक वेळा जाते.

आता नावं. सगळे त्याचीच वाट बघताय हे दिसतंय.

ऑडॅसिटी फुकट आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी ते सुरू केलं आणि २००० साली ते लोकांसाठी खुलं झालं. एक माइक, एक आवाज, एवढंच काम असेल तर हे पुरेसं आहे. मध्येच बंद पडलं तर पुन्हा उघडल्यावर ते स्वतःच विचारतं, अर्धवट राहिलेलं परत आणू का? माझ्या चाचण्यांत त्याने दर वेळी जवळजवळ सगळं परत दिलं.

पेटी, तबला, आवाज असं वेगवेगळं घ्यायचं असेल तर रीपर. आपण कॉलेजात ज्या विनॅम्पवर गाणी ऐकायचो, ते बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेलचंच हे काम. डाउनलोड अगदी लहान, जुन्या यंत्रावरही हलकं चालतं. ६० दिवस वापरून बघता येतं, नंतर घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरना आहे. ते रेकॉर्ड करता करताच आवाज डिस्कवर लिहीत जातं. दर काही मिनिटांनी प्रकल्पाची वेगळी प्रत ठेवण्याची सोयही आहे, ती चालू करा. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी पॉल डेव्हिस यांनी सुरू केलेलं आर्डर आहे. ज्यांच्याकडे ॲपलचा संगणक आहे त्यांनी गॅरेजबँडवर समाधान मानावं, ते चांगलं आहे.

सॉफ्टवेअर टिकाऊ आहे का, हे बघताना कंपनी टिकेल का हेही बघावं लागतं. केकवॉक हे जगभर वापरलं जाणारं जुनं नाव. २०१७ च्या अखेरीस गिब्सन कंपनीने त्याचं काम अचानक थांबवलं. २०१८ मध्ये बँडलॅबने ते विकत घेऊन फुकट दिलं म्हणून लोकांचा जीव भांड्यात पडला. दर वेळी असं होईलच असं नाही. म्हणून काम संपलं की प्रत्येक आवाज साध्या वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवा. सॉफ्टवेअर गेलं तरी वेव्ह फाइल उघडता येते.

आता मुख्य मुद्दा. कधीच न पडणारं सॉफ्टवेअर नसतं. मी स्वतः लिहिते, तेही पडतं. तेव्हा 'पडत नाही ना?' असं विचारू नका, 'पडताना हातातलं सांडत नाही ना?' असं विचारा. याची परीक्षा घरी करता येते. रेडिओ लावून एक तास रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि मध्येच टास्क मॅनेजरमधून ते सॉफ्टवेअर मुद्दाम बंद करा. पुन्हा उघडा आणि किती वाचलं ते बघा. जे सॉफ्टवेअर या परीक्षेत नापास होईल, त्याची जाहिरात कितीही मोठी असो, आजीसमोर ते लावू नका.

एखादी वेव्ह फाइल 'रिकामी' दिसली तरी लगेच पुसू नका. फाइलची लांबी तिच्या सुरुवातीला नोंदलेली असते आणि बरीच सॉफ्टवेअर ती नोंद शेवटी करतात. मध्येच पडलं की नोंद शून्य राहते, पण आवाज आत असतो. फाइलचा आकार बघा. एक माइक, २४ बिट, ४८,००० या हिशेबाने एका मिनिटाला साडेआठ एमबीच्या आसपास जागा लागते. आकार तेवढा भरत असेल तर ऑडॅसिटीमध्ये 'रॉ डेटा' म्हणून ती आयात करा आणि हेच आकडे भरा. आपल्या एका वर्गमित्राचं भजन याच पद्धतीने परत मिळालं. तो आज पहिल्या रांगेत बसून हसतोय.

थोडक्यात नियम सांगते. वाय-फाय आणि अपडेट बंद. २४ बिटवर घ्या आणि मोठ्यात मोठा आवाजही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं ठेवा, म्हणजे उंच सूर फाटत नाही. आपल्या घरांत महाग कंडेन्सर माइकपेक्षा साधा डायनॅमिक माइक तोंडाजवळ धरलेला बरा, कारण कंडेन्सर भुसावळकडे जाणारी मालगाडीही टिपतो. शेजारी मोबाइल विमान मोडवर टाकून त्यावरही रेकॉर्ड करा, कारण दोन यंत्रं एकाच क्षणी क्वचित पडतात. आणि त्याच दिवशी दोन प्रती करा, एक घरात, एक दुसऱ्या गावी.

यंत्राबाहेरचंही एक काम आहे. गाणाऱ्याची परवानगी घ्या. सुरुवातीलाच त्यांच्याच आवाजात नाव, माहेरचं गाव, गाणं कोणाकडून शिकल्या आणि ते कधी म्हणतात, एवढं बोलून घ्या. पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्याला नुसतं गाणं मिळालं आणि ते कोणाचं हे कळलं नाही, तर निम्मं हरवल्यासारखंच आहे.

म्हणून माझी एक सूचना आहे. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई बसेल. आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या घरातल्या, गल्लीतल्या एका तरी वडीलधाऱ्या बाईचं एक गाणं नीट भरून ठेवावं. आपण या वर्गात साठजण होतो. निम्म्यांनी केलं तरी तीस गाणी होतील. माझ्याकडे एक जादा माइक आणि इंटरफेस आहे. जळगाव-धुळ्यात ज्याला हवा त्याने घेऊन जावा, काम झालं की पुढच्याला द्यावा. सॉफ्टवेअर बसवून द्यायला मी फोनवर आहेच, रात्री अकरापर्यंत.

सर, बाई, प्रार्थनेला पेटीवर साथ कोण करायचं हे आम्हाला सगळ्यांना आठवतं. जेवणानंतर संगीतखोलीत माइक लावून ठेवला आहे. सुरुवात तुमच्यापासून करावी अशी विनंती आहे.