भाड्याचं घर, मोडलेला संसार आणि करारावरचं नाव

नवरा-बायकोचं फाटलं की घराची चर्चा बहुधा मालकीच्या फ्लॅटभोवतीच फिरते. हप्ते कोणी भरले, खरेदीखतावर नाव कोणाचं, सासऱ्यांच्या घरात सुनेला राहता येतं का? या शेवटच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये एक उत्तर दिलं आणि 2020 मध्ये सतीशचंदर आहुजा खटल्यात ते स्वतःच बदललं. भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाबद्दल मात्र आपण फारसं बोलत नाही. तिथे संसार मोडला आणि मूल ज्याच्यापाशी राहिलं त्या पालकाचं, म्हणजे बहुतेक वेळा आईचं, पुढच्या महिन्यात काय होतं? माझं म्हणणं असं आहे, की आपल्या कायद्याने तिला नवऱ्याविरुद्ध छप्पर दिलं, पण घरमालकापुढे उभं राहायला पायाखाली जमीन दिली नाही. ही उणीव भरून काढता येण्यासारखी आहे.

मुंबई-पुण्यात घर भाड्याने घेताना काय घडतं ते पाहा. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, आधार क्रमांक टाकतो, मालकाचा अंगठा, नवऱ्याचा अंगठा, दोन साक्षीदार, आणि ‘लिव्ह अँड लायसन्स’चा करार नोंदला जातो. बायको शेजारीच बसलेली असते. तिचं नाव घालायला मुद्रांक शुल्काचा एक रुपयाही जास्त पडत नाही, कारण ते शुल्क एकूण भाड्यावर आणि अनामतीवर ठरतं, माणसांच्या संख्येवर नाही. तरी नाव एकट्याचंच पडतं, कारण तसाच रिवाज आहे. पुढे त्या एका नावावर सगळंच लटकतं. डिपॉझिट, मग ते तिचे दागिने मोडून भरलेलं का असेना, करारावरच्या नावाने परत जातं. मुलाचा आरटीईतून प्रवेश घ्यायचा तर भाडेकरूला नोंदणीकृत करार दाखवावा लागतो. आणि नवरा घर सोडून गेला, मालकाला कळवून मोकळा झाला, की कागदोपत्री त्या घरात राहणारं कोणी उरतच नाही. 1882च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे असा परवाना व्यक्तीपुरता असतो, एरवी दुसऱ्याच्या हाती जात नाही.

यावर कोणी म्हणेल, 2005चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे ना? आहे, आणि तो आपण समजतो त्याहून बराच समर्थ आहे. ‘सामायिक घर’ या संज्ञेत भाड्याचं घरही येतं, मग भाडेकरू एकटा नवरा असला तरी. कलम 19 खाली दंडाधिकारी त्याला घरावरचा हक्क सोडून देण्यापासून रोखू शकतात, भाडं भरत राहण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकू शकतात, किंवा तिच्यासाठी त्याच दर्जाचं दुसरं घर घेऊन द्यायला, त्याचं भाडं द्यायला सांगू शकतात. अर्जावर पहिल्या सुनावणीपासून 60 दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असंही त्यात लिहिलं आहे. पण हा सारा आदेश नवऱ्याला उद्देशून असतो. घरमालक त्यात पक्षकार नसतो. करार संपला की महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, 1999, कलम 24 पुढे येतं: मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा घेता येतो आणि मुदतीनंतरच्या मुक्कामाचं दुप्पट भाडं वसूल करता येतं. अकरा महिन्यांच्या करारातले सात सरले असतील, तर कोर्टाची पायरी चढेपर्यंत उरलेलेही निघून जातात.

सर्वोच्च न्यायालयासमोर हा पेच 2005 मध्ये आलाच होता. कर्नाटकातून आलेल्या बी. पी. अचला आनंद खटल्यात नवरा निघून गेला होता आणि मालकाने घर खाली करून मागितलं होतं. न्यायालयाने म्हटलं, टाकून दिलेल्या पत्नीला भाडेकरूच्या जागी उभं राहून दाव्याला तोंड देता येईल. नवऱ्याला जे बचाव होते तेच तिला, आणि भाडं भरण्याची जबाबदारीही तिचीच. तत्त्व फार मोलाचं होतं. तरी त्या बाई हरल्या. दरम्यान घटस्फोट झाला होता आणि तडजोडीत राहत्या घराबद्दल काही ठरलेलं नव्हतं. लग्न संपलं तसा तो आधारही संपला. आता याच्याशेजारी महाराष्ट्राच्या कायद्याचं कलम 7 ठेवून पाहा. भाडेकरू वारला, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरू मानण्याची तरतूद त्यात आहे. म्हणजे माणूस मेला तर मागच्यांचं काय, हे कायद्याला सुचलं. तो नुसता उठून गेला तर काय, हे सुचलं नाही. मुलाच्या दृष्टीने या दोन दिवसांत फरक तो काय?

इंग्लंडमध्ये 1996च्या कौटुंबिक कायद्याखाली न्यायालय एका जोडीदाराची भाडेदारी दुसऱ्याच्या नावावर करू शकतं, लग्न न झालेल्या जोडप्यांचीसुद्धा. आपल्याकडे एवढंच हवं: मूल ज्या पालकाकडे आहे त्याला, उरलेल्या मुदतीपुरतं, त्याच भाड्यात आणि त्याच अटींवर, करारात मूळ भाडेकरूच्या जागी घेता यावं, आणि मुदत संपत आली असेल तर शाळेचं वर्ष पुरं होईपर्यंत ती वाढवून मिळावी. डिपॉझिट घरासोबत राहावं.

मालकांचा आक्षेप मला हलका वाटत नाही. निवृत्तीनंतर एका फ्लॅटच्या भाड्यावर जगणारी माणसं आहेत. ज्याचा पगार बघून घर दिलं तो गेला, आता भाडं कोण देणार, ही त्यांची भीती खरी आहे. म्हणूनच भाड्याची जबाबदारी निघून गेलेल्यावरही मुदतभर राहिली पाहिजे. तसं झालं तर मालकाला एकाऐवजी दोन देणेकरी मिळतात. आजच्यापेक्षा त्याची बाजू भक्कमच होते. वाढीव काही महिन्यांचा भार मालकावर पडतो, हे मी मान्य करतो, आणि तो शाळेच्या वर्षापलीकडे जाऊ नये.

‘माहेर आहे की’ हे उत्तर मात्र मला मुळीच पटत नाही. माहेर सोलापूरला आणि नोकरी हिंजवडीत असेल, तर माहेरी जाणं म्हणजे नोकरी सोडणं, मुलाची शाळा तोडणं आणि भावाच्या संसारात मुदत न ठरलेली पाहुणी होणं. सरकारी आसरेही मोजके आहेत. ‘सखी’ केंद्रातला मुक्काम साधारण पाच दिवसांचा. नोकरदार महिलांच्या ‘सखी निवास’ वसतिगृहात मुलगी 18 वर्षांपर्यंत आणि मुलगा 12 वर्षांपर्यंत आईसोबत राहू शकतो. तेरा वर्षांच्या मुलाच्या आईने कुठे जावं? आणि मूल बापाकडे असेल तर? 2005च्या कायद्यात त्याला दाद मागता येत नाही. तो कायदा ज्या छळासाठी झाला तो खरा आहे, त्याला धक्का लावू नये. भाडेकायद्यातली नवी तरतूद मात्र पालक या नात्यावर उभी करावी, म्हणजे अशा बापालाही ती लागू होईल.

कायदा बदलेपर्यंत वकिलांच्या आणि समुपदेशकांच्या हातात काही आहे. संमतीच्या घटस्फोटात पोटगीचा एक ठोक आकडा लिहून मोकळं होण्याची घाई असते. 1956च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात निर्वाहाच्या व्याख्येतच निवारा आला आहे, तेव्हा भाडं हा तडजोडीतला वेगळा रकाना असावा: दरमहा किती, दरवर्षी वाढ किती, नव्या घराचं डिपॉझिट कोण भरणार, चालू घराचं कोणाला परत मिळणार. आणि जी जोडपी आज नांदत आहेत, त्यांनी पुढच्या नूतनीकरणाला एजंट येईल तेव्हा दोघांचेही अंगठे यंत्रावर ठेवावेत.