सैंधवाच्या डोंगरातील त्रिखंडी जीव

खोपोलीहून बोरघाट चढू लागले म्हणजे दोन्ही अंगांना काळ्या पाषाणाचे कडे उभे राहतात. खालापूर तालुक्याची भूमी याच पाषाणाची आहे; पाताळगंगेचे पात्र त्याच्यावरूनच वाहते. भूशास्त्राचे पुस्तक नुकतेच हाती घेतलेल्या विद्यार्थ्याने येथे हातोडा घेऊन कितीही दगड फोडले, तरी पुस्तकात पहिल्या मानाने छापलेला ट्रायलोबाइट नावाचा जीव त्याला कधीही सापडावयाचा नाही. आणि तो का सापडावयाचा नाही, हे समजणे म्हणजे भूशास्त्राचा पहिला धडा समजणे होय.

पहिले कारण उघड आहे. हा पाषाण समुद्रतळाशी साचलेल्या गाळाचा नव्हे, तर भूगर्भातून वर आलेल्या तप्त लाव्हाचा आहे, आणि अशा रसात जीवाची आकृती टिकत नाही. दुसरे कारण काळाचे आहे. दख्खनचा हा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीचा. ट्रायलोबाइटांचा वंश मात्र सुमारे २५ कोटी २० लक्ष वर्षांपूर्वीच पृथ्वीवरून नाहीसा झाला होता. लाव्हाच्या दोन थरांमध्ये कोठे गोड्या पाण्याचा गाळ साचला असेल, तर तेथे जीवावशेष मिळतात हे खरे. मुंबईत वरळीच्या टेकडीवर चिमुकल्या बेडकांचे अवशेष मिळाले, ते अशाच थरात. परंतु तो बेडूक ट्रायलोबाइटाच्या मानाने अगदी अलीकडचा रहिवासी होय!

ट्रायलोबाइट हा कवचधारी, संधिपाद, समुद्रवासी प्राणी. त्याच्या पाठीवर दोन उभ्या खाचा असून त्यांमुळे देहाचे तीन भाग पडतात. नावाचा अर्थही ‘त्रिखंडी’ असाच आहे. खेकड्याप्रमाणे तो वाढता वाढता जुने कवच टाकून देई, म्हणून एकाच जीवाचे अनेक अवशेष मागे राहात. त्याच्या नेत्रांतील भिंगे चुनखडीच्या स्फटिकांची होती. सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वी तो प्रथम दिसू लागला, आणि आजपर्यंत त्याच्या २० हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत.

यांपैकी एका प्रजातीचा संबंध महाराष्ट्रातील प्रत्येक स्वयंपाकघराशी पोहोचतो. उपवासाच्या दिवशी जे शेंदेलोण किंवा सैंधव वापरतात, त्याचे प्रसिद्ध आगर म्हणजे पंजाबातील, आता पाकिस्तानात असलेली, मिठाच्या डोंगरांची रांग. तेथील खेवड्याची खाण सर्वश्रुत आहे. या डोंगरात तळाशी मीठ, त्यावर जांभळा वालुकाश्म आणि त्याच्याही वरच्या थरांत ट्रायलोबाइट, अशी रचना आहे. १८९९ साली कार्ल रेडलिख या ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञाने तेथील एका जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. प्रजातीला त्याने ‘होफेरिया’ म्हटले, व जातीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील फ्रिट्झ नोएटलिंग याचे नाव दिले. परंतु ‘होफेरिया’ हे नाव दुसऱ्या एका प्राण्याला आधीच दिलेले होते. तेव्हा १९०२ साली कॉसमान याने वर्णनकर्त्याच्याच सन्मानार्थ प्रजातीचे नाव ‘रेडलिखिया’ असे ठेवले. मोठे चंद्रकोरीसारखे डोळे, शिराच्या दोन्ही कोपऱ्यांतून मागे गेलेले लांब काटे आणि अगदी लहानसे पुच्छ, ही तिची लक्षणे.

आता खरा प्रश्न. रेडलिखिया सुमारे ५१ कोटी वर्षांपूर्वीची. आणि मीठ तर तिच्या खाली! जे खाली ते जुने, या न्यायाने सैंधव तिच्याहूनही प्राचीन ठरते. पण लखनौ विद्यापीठाचे विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांना मिठात व त्याच्या लगतच्या खडकांत वनस्पतींचे व कीटकांचे सूक्ष्म तुकडे आढळले. ५१ कोटी वर्षांपूर्वी भूमीवर अशा वनस्पती नव्हत्या, हे निर्विवाद. त्यावरून साहनींनी असा पक्ष मांडला की, मीठ फार अलीकडचे असून भूकंपनांच्या जोराने जुने थर त्याच्यावर सरकून आले असले पाहिजेत. १९४४ व १९४५ साली या एकाच प्रश्नावर परिसंवाद भरले. ई. आर. जी हे भूशास्त्रज्ञ आरंभी मिठाला अलीकडचे मानणारे. डोंगरातील थरांची पाहणी करता करता ते स्वतःच प्राचीनत्वाच्या पक्षाला येऊन मिळाले.

आज निर्णय ट्रायलोबाइटाच्या बाजूने झाला आहे. मीठ रेडलिखियाहून जुनेच, असे मानले जाते. राजस्थानात नागौर–गंगानगर भागात भूगर्भात त्याच सुमाराचे मीठ आहे, आणि इराणी आखाताच्या परिसरातील होर्मुझचे मीठही त्याच काळातले. मीठ पाण्यात विरघळते व पुन्हा घट्ट होते. त्यामुळे नंतरच्या काळातील सूक्ष्म तुकडे त्यात शिरणे शक्य आहे. साहनींसारख्या थोर शास्त्रज्ञाचा पक्ष येथे मागे पडला, तरी त्यांच्या शंकेमुळे सर्वांना तेथील प्रत्येक थर पुन्हा डोळ्यांत तेल घालून पाहावा लागला, हा लाभ लहान नव्हे.

रेडलिखियाची कथा पंजाबातच संपत नाही. तिचे गणगोत चीन व ऑस्ट्रेलियातही मिळते. १९८७ साली लघु हिमालयातील ताल नावाच्या थरमालेत तिच्या कुळातील ट्रायलोबाइट नोंदले गेले, आणि २०१९ साली ऑस्ट्रेलियातील कांगारू बेटावरील एका मोठ्या जातीला ‘रेडलिखिया रेक्स’ असे नाव मिळाले. तिची लांबी सुमारे ३० सेंटिमीटरपर्यंत जाई. आज परस्परांपासून इतके दूर असलेले हे प्रदेश त्या काळी एकाच उष्ण समुद्राच्या आसपास होते, याची साक्ष हा मुका जीव देतो.

मिठाला स्वतःचे वय सांगता येत नाही. ते त्याच्यावर बसलेल्या थरातील एका कवचाने सांगितले. पानात चिमूटभर सैंधव वाढताना एवढे ध्यानात राहिले तरी पुष्कळ झाले.