तापलेला लॅपटॉप



मुलीचा निबंध अर्ध्यावर आलेला असतो आणि इतक्यांत लॅपटॉप तापून एकाएकीं बंद पडतो. पुन्हां सुरू करावा, तों पुन्हां तोच प्रकार! न सांठविलेलें लिखाण जातें तें वेगळेंच. "नवा घ्या," असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. परंतु हजारों रुपये खर्चण्यापूर्वीं या बंद पडण्याचा अर्थ समजून घेणें अगत्याचें आहे.

प्रोसेसर जी वीज घेतो, तिची अखेर उष्णताच होते. ती तांब्याच्या नळीवाटे पातळ पत्र्यांच्या जाळीपर्यंत पोंचते व पंखा ती बाहेर लोटतो. हा मार्ग तुंबला कीं प्रोसेसर प्रथम आपला वेग कमी करतो. तरीही उष्णतामान सुमारें १०० अंश सेल्सिअसपर्यंत चढलें, तर स्वतःस वांचविण्यासाठीं यंत्र बंद होतें. तात्पर्य, हें बंद पडणें रोग नव्हे, रोगाची सूचना आहे.

प्रथम यंत्राचा तळ पाहावा. तो फुगला असेल किंवा टचपॅड उचलला गेला असेल, तर बॅटरी फुगली असें समजावें. अशी बॅटरी पेट घेऊं शकते. यंत्र तत्काळ बंद करावें, चार्ज करूं नये, बॅटरी दाबूं अगर टोंचूं नये. जाणत्या कारागिराकडून ती काढवून घ्यावी.

तसें नसेल, तर आधीं महत्त्वाच्या कामाच्या प्रती पेन ड्राइव्हवर काढाव्या. मग यंत्र गादीवरून उचलून टेबलावर ठेवावें. गादीनें तळाचे झरोके बुजतात. विंडोजमध्यें कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकदम दाबल्या कीं टास्क मॅनेजर उघडतो. प्रोसेसरला कोणता प्रोग्रॅम राबवीत आहे, तें तेथें कळतें.

त्यानंतर धूळ. यंत्र बंद करून, वायर काढून, पंख्याचीं पातीं काडीनें अडवून दाबलेल्या हवेची थोडथोडी फुंकर घालावी. एवढ्यानें भागलें नाहीं, तर प्रोसेसरवरील सुकलेली उष्णतावाहक पेस्ट कारागिराकडून बदलून घ्यावी.

एक गोष्ट मात्र ध्यानांत असावी. माठांतील पाणी बाष्पीभवनानें खोलीच्या हवेहूनही थंड होतें. पंखा मात्र खोलींतीलच हवा फिरवितो, म्हणून यंत्र खोलीहून थंड होऊं शकत नाहीं. अनेक कारखानदार भोंवतालच्या हवेची मर्यादा ३५ अंश सांगतात. नागपुरास मे महिन्यांत पारा ४० च्या वर जातो. अशा दुपारीं यंत्रावर जड काम लादूं नये. ओलें फडकें तर मुळींच गुंडाळूं नये.

यंत्र किती वेळानें व कोणतें काम चालू असतां बंद पडलें, याचें टिपण ठेवावें. तें थंड असतांही बंद पडत असेल, तर दोष बहुधा उष्णतेचा नव्हे. रॅम, डिस्क वा ड्रायव्हर तपासावा. वैद्याला लक्षणें नीट सांगणाऱ्या रोग्यास औषध लवकर लागू पडतें. दुरुस्तीच्या दुकानींही तोच नियम आहे.