नेवाड म्हणजे अतिक्रमण नाही
(धडगाव भागातील युवक शिबिरात केलेले भाषण)



काही जण विचारतात, जमिनीच्या लढाईत बोलीभाषेचं काय काम? काम आहे.

आपण सातपुड्यात जंगलातल्या शेताला नेवाड म्हणतो. बापजाद्यांनी दगड वेचून, बांध घालून केलेली जमीन म्हणजे नेवाड. कागदावर तिचं नाव होतं 'अतिक्रमण'. म्हातारा बोलतो नेवाड, लिहिणारा लिहितो अतिक्रमण, आणि खाली अंगठा म्हाताऱ्याचाच. एका शब्दात कसणारा चोर ठरला.

वनहक्क कायदा २००६ चा, त्याचे नियम २००८ चे. तेराव्या नियमात दावेदार सोडून गावातल्या इतर जाणत्या म्हाताऱ्यांचा लेखी जबाब पुरावा धरला आहे. आता डायाला मराठीत विचारलं, 'ताबा कोणत्या सालापासून?' तर तो गप्पच बसणार. त्यालाच बोलीत विचारा, हे शेत कोणी फोडलं, ७२ च्या दुष्काळाआधी का मागून? मग तो महू कोणाचा, वाघदेव कुठं, नाला कुठून वळवला, सगळं सांगतो. माहिती त्याच्याजवळ आहे, विचारणारा पाहिजे.

शिकलेली पोरं बाजारात भिली, पावरी बोलायला लाजतात. लाज कशाची? २००१ च्या जनगणनेत भिली बोलणारे ९५ लाखांवर आहेत. संथाळीवाले ६५ लाखांच्या आत, तरी त्यांची भाषा २००३ मध्ये घटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली. आपली अजून बाहेरच. मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी, असं घटनेचं कलम ३५० (क) सांगतं. तेही मागावं लागेल.

मराठी नको असं मी म्हणत नाही. तहसीलचा कागद वाचायला मराठी लागतेच. पण आपल्या गावात आपण एवढं तरी करू:

१) ग्रामसभेची चर्चा बोलीत होईल.
२) जबाब आधी म्हाताऱ्याच्या शब्दांत लिहायचा, खाली मराठी. 'नेवाड' शब्द बदलू द्यायचा नाही.
३) बोलीत वाचून दाखवल्याशिवाय अंगठा नाही.

हे काम दहावी-बारावी झालेल्या पोरापोरींचं आहे. मोर्च्यात आपण 'आमु आखा एक से' ओरडतो. घोषणा आपल्या बोलीत आणि जबाब दुसऱ्याच्या शब्दांत, हे आता चालणार नाही.

जिंदाबाद!