टेनिसच्या स्पर्धेंतील पारख

धाराशिव जिल्ह्यांतील तेर येथें गोरोबाकाकांनीं संतमंडळींच्या मस्तकांवर थापटणें मारून कच्चें मडकें कोणतें नि पक्कें कोणतें हें पारखलें, ही कथा श्रोतृवर्गास ठाऊक असेलच. त्या परीक्षेंत एकटे नामदेव कच्चे ठरले. धंदेवाईक टेनिसची स्पर्धा हीही एक प्रकारची पारखच होय. परंतु तिच्यांत जो हरतो तो कच्चाच असतो काय?

पूर्वीं चेन्नईस भरणारी पुरुषांची जागतिक दर्जाची स्पर्धा २०१८ सालीं पुण्यास आली आणि महामारीचें २०२१ साल वगळतां २०२३ पर्यंत बालेवाडीस भरत राहिली. तिची रचना अशी : एकेरींत २८ खेळाडू. पहिल्या चार मानांकितांस प्रथम फेरींत सूट. उरलेल्या चोविसांतून बारा निवडले जात. त्यांस हे चार मिळून सोळा होत. पुढें आठ, चार आणि दोन. एक पराभव झाला कीं खेळाडू बाद. विजेत्यास जागतिक क्रमवारीचे २५० गुण मिळत. तीनपैकीं दोन सेट घेणारा विजयी. सेटमध्यें सहा-सहा अशी बरोबरी झाल्यास टायब्रेक, म्हणजे किमान सात गुण आणि दोन गुणांचें आधिक्य मिळविणारा तो सेट घेई.

२०१९ च्या अंतिम सामन्यांत या नियमाची कसोटी लागली. दक्षिण आफ्रिकेचा केव्हिन अँडरसन आणि क्रोएशियाचा एकोणचाळीस वर्षांचा इव्हो कार्लोव्हिच समोरासमोर आले. निकाल लागला ७-६, ६-७, ७-६. तिन्ही टायब्रेक ७-४, २-७, ७-५ असे झाले. म्हणजे टायब्रेकांतील गुणांची बेरीज दोघांचीही सोळाच! तरीही चषक अँडरसनकडे गेला, कारण गुण किती यापेक्षां ते केव्हां मिळाले यास या खेळांत महत्त्व आहे.

हा अन्याय म्हणावा काय? नियम दोघांसही आधीं ठाऊक होते, आणि निर्णायक क्षणीं मन स्थिर ठेवणें हेंही कौशल्यच होय. तथापि अशा निकालावरून पराभूतास कच्चा ठरविणें रास्त नव्हे. खुद्द अँडरसन आदल्याच वर्षीं याच मैदानावर फ्रान्सच्या जिल सिमोंकडून अंतिम सामना ७-६, ६-२ असा हरला होता. नामदेवांनींही तेरचा निर्णय ऐकून विसोबा खेचरांस गुरु केलें. पारखीचें खरें मोल तिच्यानंतर माणूस काय करतो यावर ठरतें.