पावतीवरील एक शब्द
(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



जमाखर्चाचा अहवाल आपल्या हाती आहेच. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकीय विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. तथापि आमच्याच खिडकीवर घडलेली एक चूक आपल्या कानी घालणे आम्ही कर्तव्य समजतो.

काही वर्षांपूर्वी तालुक्यातील एक मुलगी कोडाच्या उपचारासाठी येत असे. मनगटापासून कोपरापर्यंत आणि मानेवर पांढरे डाग. चैत्राच्या उन्हातही लांब बाह्या आणि गळ्याभोवती ओढणी. तिची सोयरीक जुळत आली होती. आईचे म्हणणे, एकदा अक्षता पडू द्या, मग बघू. मुलीचे म्हणणे, मुलाला आपण स्वतः सांगू. तिने दिवसही ठरवला होता. त्याआधीच औषधाच्या पिशवीतली आमची पावती पाहुण्यांच्या हाती लागली. तीवर ‘श्वेतकुष्ठ’ असे छापलेले होते. सोयरीक मोडली.

हा शब्द जुन्या नोंदवहीतून संगणकात जसाच्या तसा उतरला होता. हिशेबाच्या दृष्टीने पावती बिनचूक होती, हे नमूद करताना आम्हांस आजही संकोच वाटतो.

कोडाचा कुष्ठरोगाशी काहीही संबंध नाही. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नाहीशा झाल्याने डाग पांढरा पडतो. स्पर्शाने तो दुसऱ्यास होत नाही आणि डागावरची संवेदना शाबूत राहते. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर ती सहसा मंदावते. पण तो रोगही बहुविध औषधोपचाराने बरा होतो. हे जामखेडकरांना नव्याने सांगावे लागू नये. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी येथे ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले आणि खेड्यातील स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. कुष्ठरोगाची भीती घालवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. तरीही शब्दाचा धाक रोगाहून चिवट असतो. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण कायद्यातून वगळले गेले ते थेट २०१९ साली!

कोड असलेल्यांसाठी पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी ‘श्वेता असोसिएशन’ उभी केली. त्या स्वतः शल्यचिकित्सक आहेत आणि त्यांनाही कोड आहे. २००६ साली आलेला ‘नितळ’ हा मराठी चित्रपटही याच विषयावरचा. गरजू कुटुंबांना आम्ही या दोहोंची माहिती देतो.

लग्नापूर्वी सांगावे काय, असे पालक आम्हांसही विचारतात. आमचे मत, सांगावे. झाकलेली बाही आयुष्यभर झाकून राहत नाही. मात्र कोणी, केव्हा आणि कोणत्या शब्दांत, हे ज्याच्या अंगावर डाग आहे त्यानेच ठरवावे. आईवडिलांनी नव्हे, आणि रुग्णालयाच्या खिडकीने तर मुळीच नव्हे.

आता पावतीवर केवळ रुग्णाचा क्रमांक आणि रक्कम असते. निदान केसपेपरवर राहते व ते रुग्णाच्याच हाती दिले जाते. बाह्यरुग्ण विभागात नाव पुकारताना आजाराचा उल्लेख होत नाही. तपासणीच्या जागी आडोसा अद्याप अपुरा आहे. त्यासाठीची तरतूद विश्वस्तांच्या विचारार्थ ठेवली आहे.

त्या मुलीचे लग्न झाले काय, हे आम्ही विचारले नाही. ती अजूनही औषधाला येते. पावती घेतली की खिडकीपाशीच थांबून आधी ती वाचते, मग घडी घालून पिशवीत ठेवते.