पिशवीची सूज आणि कॅन्सरची भीती

संमेलनाचे अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, राज्यभरातून आलेले स्त्रीरोगतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजिस्ट, आणि ज्यांच्यासाठी पुढच्या रांगा मुद्दाम राखल्या त्या आशाताई,

भगवंताच्या बार्शीत आपले स्वागत. परिषद पुण्या-मुंबईला का नाही, असे काहींनी विचारले. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 साली याच गावात, नर्गिस दत्त स्मृती रुग्णालयात सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर कार्यकर्ते स्वतः रुग्ण शोधत गेले. पुढे शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या सव्वा लाखावर बायकांच्या अभ्यासाने 2009 साली जगाला दाखवले, की एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. आमंत्रण द्यायला एवढा अधिकार पुरे.

बीजांडकोशाच्या कर्करोगाने मात्र अशी दाद दिलेली नाही. सीए-125 आणि सोनोग्राफीने तो आधीच पकडता येतो का, हे ब्रिटनमध्ये दोन लाखांवर स्त्रियांना सामील करून पाहिले. 2021 मध्ये अंतिम निकाल आला: मृत्यू घटले नाहीत. सीए-125 एंडोमेट्रिओसिसमध्ये वाढतो, पोटाच्या क्षयातही वाढतो. पोटात पाणी, आकडा वाढलेला, म्हणून कॅन्सर समजून पोट उघडावे आणि आत क्षय निघावा, हे या सभागृहात बसलेल्या कुणालाही नवे नाही.

म्हणून आजचा विषय: हा आजार सुरू कुठून होतो, आणि त्यात दीर्घकाळ टिकणाऱ्या दाहाचा वाटा किती. 1971 साली इजिप्तच्या महमूद फताल्ला यांनी मांडले, की दर महिन्याला बीज फुटताना बीजांडकोशाचे आवरण फाटते आणि भरते, त्यात धोका आहे. गर्भारपण आणि गर्भनिरोधक गोळ्या संरक्षण देतात, हे त्यातून नीट उलगडत होते. पण नलिका बांधल्यावर बीज फुटायचे थांबत नाही, तरी धोका कमी का होतो? आणि एंडोमेट्रिओसिसमध्ये तो का वाढतो? 1999 साली रॉबर्टा नेस आणि कॅरी कॉट्रो यांनी बोट ठेवले ते दाहावर. बीज फुटणे हीच मुळात दाहाची घटना आहे. प्रोस्टाग्लँडिन, सायटोकाइन आणि ऑक्सिजनचे मुक्त कण तिथे जमतात, डीएनएला इजा होते आणि त्याच वेळी पेशींना वाढायचा इशाराही मिळतो. आज आपण जाणतो, की सर्वांत घातक प्रकार बऱ्याचदा गर्भनलिकेच्या टोकाच्या झालरीत सुरू होतो, आणि ती झालर दर खेपेला बीज फुटताना बाहेर पडणाऱ्या या दाहक द्रवात भिजते.

सगळ्यांत भक्कम पुरावा एंडोमेट्रिओसिसचा. क्लिअर सेल प्रकाराचा धोका सुमारे तिप्पट, एंडोमेट्रिऑइडचा दुप्पट, असे 2012 च्या एकत्रित विश्लेषणात दिसले. अमेरिकेतल्या युटा राज्याच्या 2024 च्या अभ्यासात एकूण धोका चौपट निघाला. चॉकलेट सिस्ट किंवा खोल रुजलेला आजार असेल तर नऊ पटींहून जास्त. नऊ पट ऐकून पोटात गोळा येतो. त्याच अभ्यासाचा दुसरा आकडा मात्र आपण रुग्णाला सांगत नाही: एंडोमेट्रिओसिस असलेल्या दहा हजार बायकांमागे जादा रुग्ण सुमारे दहा. ओटीपोटातल्या जंतुसंसर्गाचा पुरावा तर याहून बराच कच्चा आहे. रोज ॲस्पिरिन घेणाऱ्यांत धोका सुमारे 20 टक्क्यांनी कमी दिसला, पण तेवढ्यावर चिठ्ठी लिहायला मी तरी धजणार नाही. दाह घटवणाऱ्या काढ्यांची आणि चूर्णांची जाहिरात करणाऱ्यांना अर्थातच एवढा संकोच नसतो.

हे सारे स्वागताच्या भाषणात कशाला? कारण पलीकडे बीड आहे. 2019 मध्ये तिथल्या 82 हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या कितीतरी जणींनी ऐकलेले वाक्य एकच होते: पिशवीला सूज आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल. अंगावरून पांढरे जाते, कंबर दुखते, फडात खाडा केला की मुकादम पैसे कापतो. अशा बाईला ते वाक्य पुरते. ज्या लक्षणांवर औषधाच्या गोळ्यांनी भागले असते, त्यांवर गर्भाशय गेले, काहींचे बीजांडकोशही गेले, आणि ऐन तरुणपणी हाडे ठिसूळ होऊ लागली. दाह आणि कर्करोग यांचे नाते खरे आहे, म्हणूनच त्याचे अर्धवट सत्य धंद्याला फार सोयीचे पडते. आशाताई, वर्षानुवर्षे पाळीत कळवळणारी बाई आणि ‘पिशवीला सूज’ असा शेरा घेऊन आलेली बाई, दोघींना वेगवेगळे काय सांगायचे, हे तुम्ही आज तज्ज्ञांना खडसावून विचारा.

दुपारच्या सत्रात वाद रंगेल: कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत नलिका नुसती बांधावी की पूर्ण काढावी? माझा कल काढण्याकडे आहे, पण तालुक्याच्या शिबिरात ते सुरक्षितपणे जमेल का, याची शंकाही आहे. त्याआधी ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी तयार आहे. अध्यक्षांनी सूत्रे हाती घ्यावीत, ही विनंती.